न्हाणीतला बंब मोडीत काढावा का?

तांब्याचा बंब अजून ज्या घरांत आहे, त्या घरांत दिवाळीच्या सुमारास एक वाद हमखास निघतो. आजोबा म्हणतात, बंबाच्या पाण्याची सर गीझरला नाही. आई म्हणते, पहाटे उठून फुंकणी मला घ्यावी लागते, तुम्हाला नाही. काका हिशेब मांडतात की तांब्याची मोड चांगल्या भावाने जाईल आणि त्या पैशांत गॅसचा गीझर येईल. वाद बहुधा अर्धवट राहतो, कारण प्रत्येकाजवळ मत असते, पण आकडा कोणाजवळच नसतो.

विद्यार्थी मित्रांनो, हा आकडा तुम्ही काढू शकता. त्यासाठी लागणारे पदार्थविज्ञान तुमच्या आठवी ते दहावीच्या पुस्तकांत आहे आणि साधने म्हणाल तर एक तापमापक, एक ताणकाटा आणि एक बादली. मात्र आकडा काढून झाल्यावरही काही प्रश्न उरतात. त्यांतला एक तर घरातल्या माणसांच्या जिवाशी संबंधित आहे. म्हणून शेवटपर्यंत वाचा.

बंबाची रचना

बंब म्हणजे तांब्याचे एक उभे पिंप. त्याच्या मधोमध वरपासून खालपर्यंत आरपार नळी असते. नळीच्या तळाशी जाळी आणि जाळीखाली राख पडण्याची जागा असते. नळीत वरून ढलप्या, करवंट्या, गोवरीचे तुकडे टाकायचे. आग नळीत आणि पाणी नळीभोवती, अशी ही योजना आहे.

पाणचुलीवर ठेवलेल्या हंड्याशी याची तुलना करा. हंड्याला आग फक्त बुडाशी भेटते. बऱ्याच ज्वाला हंड्याच्या कडेने वर निघून जातात आणि तीन दगडांच्या फटींतून प्रारणाने उष्णता बाजूला पसरते. बंबात मात्र आगीच्या चहूबाजूंना पाणीच आहे. नळीच्या भिंतीवर पडणारे प्रारण पाण्यालाच मिळते आणि वर जाणारे तप्त वायूही जाता जाता भिंतीला उष्णता देतात.

आगगाडीच्या वाफेच्या इंजिनात हेच तत्त्व वापरलेले होते. १८२९ साली स्टीफन्सन यांच्या ‘रॉकेट’ इंजिनाच्या बाष्पकात तांब्याच्या पंचवीस नळ्या होत्या. आगीचे तप्त वायू त्या नळ्यांतून जात आणि भोवतालचे पाणी तापवत. आपल्या बंबात अशी एकच नळी असते, एवढाच फरक. त्याआधी काउंट रम्फर्ड (१७५३–१८१४) यांनी उघड्या शेगड्यांत उष्णता किती वाया जाते याचा अभ्यास करून बंदिस्त चुली बांधल्या होत्या. तोफेला भोक पाडताना निर्माण होणाऱ्या उष्णतेवरील १७९८ सालचा प्रसिद्ध निबंध याच रम्फर्ड यांचा. तेव्हा बंबाला कोणी जुनाट म्हटले, तर बंबाची कल्पना चुलीच्या पुढची आहे हे ध्यानात ठेवा.

कार्यक्षमता कशी मोजावी?

बंब पूर्ण भरा. किती लिटर पाणी मावले ते बादलीने मोजा आणि त्याचे तापमान नोंदवा. सरपण ताणकाट्याने तोलून घ्या. रोजच्याप्रमाणे बंब पेटवा. आग विझल्यावर सगळे पाणी बादल्यांत काढा, प्रत्येक बादली ढवळून तापमान घ्या आणि सरासरी काढा. बंबातच तापमापक बुडवून भागत नाही, कारण गरम पाण्याची घनता कमी असते, ते वर जमते आणि तळचे पाणी त्या मानाने थंड राहते. शेवटी न जळलेले लाकूड व उरलेला कोळसा तोला. कोळशाचा उष्मांक वाळलेल्या लाकडाच्या साधारण दुप्पट असतो. म्हणून ५० ग्रॅम कोळसा उरला, तर तो १०० ग्रॅम लाकूड समजून वजा करा.

उदाहरणादाखल पुढील आकडे घेऊ. पाणी ४० लिटर. तापमान २२ अंश सें. वरून ६२ अंश सें. पर्यंत गेले. सरपण २ कि. ग्रॅ. तोलले होते. त्यातले ४०० ग्रॅम जळले नाही आणि ५० ग्रॅम कोळसा उरला. म्हणजे खरोखर खर्च झालेले लाकूड १.५ कि. ग्रॅ.

पाण्याला मिळालेली उष्णता = ४० × १ × ४० = १,६०० किलोकॅलरी.

उन्हात वाळलेल्या लाकडातही वीसेक टक्के ओलावा असतो. अशा लाकडाचा उष्मांक दर किलोग्रॅमला सुमारे ३,५०० किलोकॅलरी धरता येतो. म्हणून

लाकडाने दिलेली उष्णता = १.५ × ३,५०० = ५,२५० किलोकॅलरी.

कार्यक्षमता = १,६०० ÷ ५,२५० = सुमारे ३० टक्के.

कोणी विचारील, तांबेही तापले, त्याचे काय? बंब ८ कि. ग्रॅ. वजनाचा असेल, तर तांब्याची विशिष्ट उष्णता ०.०९३ धरून ८ × ०.०९३ × ४० = सुमारे ३० किलोकॅलरी. कार्यक्षमतेत त्याने जेमतेम अर्ध्या टक्क्याचा फरक पडतो.

तीन दगडांच्या चुलीची कार्यक्षमता साधारण १० ते १५ टक्के भरते. ती १२ टक्के धरली, तर याच पाण्याला सुमारे ३.८ कि. ग्रॅ. लाकूड लागेल. बंब लाकडाची निम्म्याहून अधिक बचत करतो, ती अशी.

उरलेले सत्तर टक्के कोठे जातात?

मोठा वाटा धुराबरोबर जातो. एक किलो लाकूड जळायला सुमारे ५ कि. ग्रॅ. हवा लागते. प्रत्यक्षात नळीतून याहून जास्त हवा जाते. ती दुप्पट धरली, तर एका किलो लाकडामागे सुमारे ११ कि. ग्रॅ. तप्त वायू बाहेर पडतात. ते ३५० अंशांना बाहेर पडत असतील आणि बाहेरची हवा ३० अंशांची असेल, तर

११ × ०.२५ × ३२० = ८८० किलोकॅलरी.

म्हणजे लाकडातल्या उष्णतेचा चौथा हिस्सा थेट वर निघून गेला. बाकीची उष्णता जाळीखाली प्रारणाने, बंबाच्या बाहेरच्या अंगावरून आणि अर्धवट ज्वलनामुळे जाते. धूर म्हणजे अर्धवट जळलेले इंधनच होय. डोळ्यांतून पाणी काढतो तेव्हा तो आपले सरपणही उधळत असतो.

ओले लाकूड जाळले तर हे सगळेच बिघडते. एक किलो लाकडात ४० टक्के पाणी असेल, तर जळण्याजोगा भाग ६०० ग्रॅमच उरतो. शिवाय ४०० ग्रॅम पाण्याची वाफ करायला सुमारे २५० किलोकॅलरी खर्च होतात. पूर्ण कोरड्या लाकडाचा उष्मांक ४,५०० धरला, तर हाती येतात २,७०० – २५० = २,४५० किलोकॅलरी. आगीचे तापमानही उतरते आणि धूर वाढतो. तेव्हा बंबाला नावे ठेवण्यापूर्वी सरपण कोठे साठवले आहे तेही पाहावे.

नळीच्या आतली काजळी आणि पाण्याच्या बाजूला साचलेले क्षार हे आणखी दोन चोर. तांबे उत्तम उष्णतावाहक आहे. काजळीची वाहकता त्याच्या हजाराव्या हिश्शाएवढीही नसते. नळी खरवडण्यापूर्वी एकदा आणि खरवडल्यानंतर एकदा वरील प्रयोग करून पाहा.

बदली साधनांचा हिशेब

आता हेच ४० लिटर पाणी, तेवढेच तापवायचे आहे. बंबातल्या ६२ अंशांच्या ४० लिटर पाण्यात २२ अंशांचे ४० लिटर विसण घातले की ८० लिटर पाणी ४२ अंशांचे होते. चार-पाच माणसांच्या आंघोळी त्यात होतात.

विजेचा गीझर. विजेचे १ युनिट म्हणजे ८६० किलोकॅलरी. टाकीतून थोडी उष्णता बाहेर जाते, म्हणून कार्यक्षमता ९० टक्के धरू. लागणारी वीज = १,६०० ÷ (८६० × ०.९) = सुमारे २ युनिट.

गॅसचा गीझर. स्वयंपाकाच्या गॅसचा उष्मांक दर किलोग्रॅमला सुमारे ११,००० किलोकॅलरी. कार्यक्षमता ८० टक्के धरली, तर १,६०० ÷ ८,८०० = ०.१८ कि. ग्रॅ. महिन्याला सुमारे साडेपाच कि. ग्रॅ., म्हणजे १४.२ कि. ग्रॅ. च्या टाकीचा तिसऱ्या हिश्शाहून थोडा अधिक भाग.

बंब. रोज १.५ कि. ग्रॅ. प्रमाणे महिन्याला ४५ कि. ग्रॅ. लाकूड. वर्षाला अर्ध्या टनाहून अधिक.

सौर जलतापक. महाराष्ट्रात स्वच्छ आकाशाच्या दिवशी एका चौरस मीटरवर सुमारे ५ युनिट इतकी सौर ऊर्जा पडते. दोन चौरस मीटरच्या तापकावर १० युनिट. त्यांतले ४५ टक्के पाण्याला मिळाले तरी साडेचार युनिट होतात. तेवढ्यात १०० लिटर पाण्याचे तापमान सुमारे ३९ अंशांनी वाढते. इंधनाचा खर्च शून्य. पण आषाढ-श्रावणात, विशेषतः कोकणात, सूर्यच दिसत नसेल तर हा हिशेब कोलमडतो.

या आकड्यांपुढे भाव तुम्ही लिहायचे आहेत: तुमच्या गावचा लाकडाचा भाव, तुमच्या घरच्या बिलावरचा युनिटचा दर, तुमच्या टाकीची किंमत. ज्याच्या परसात नारळाची सोडणे आणि झावळ्या आपसूक पडतात त्याचा हिशेब, वखारीतून लाकूड विकत घेणाऱ्यापेक्षा अगदी वेगळा येईल.

एक गोष्ट मात्र सर्वांनी करून पाहावी. कोळशावर चालणाऱ्या वीजकेंद्रात कोळशातल्या उष्णतेचा सुमारे एक-तृतीयांश भाग विजेत रूपांतरित होतो. म्हणून आपल्या २ युनिटांसाठी तेथे जवळजवळ ५,४०० किलोकॅलरी एवढा कोळसा जळतो. बंबात जळलेल्या लाकडाची उष्णता होती ५,२५०! गीझर बंबापेक्षा तिप्पट कार्यक्षम दिसतो खरा, पण वीज कोळशाची असेल तर न्हाणीतला धूर वीजकेंद्राच्या धुराड्यातून निघतो, इतकेच. आज विजेच्या जाळ्यात पाणी, वारा व ऊन यांपासून मिळणाऱ्या विजेचाही वाटा आहे. तो वाढेल तसा हा हिशेब गीझरच्या बाजूने झुकत जाईल. शिवाय वीजकेंद्राचे धुराडे उंच असते, न्हाणीचा झरोका आईच्या डोळ्यांसमोर असतो. हा फरक लहान नव्हे.

जिवाशी गाठ

आता हवेचा हिशेब करू. इथे चूक झाली तर ती सुधारता येत नाही.

एक किलो गॅस पूर्ण जळायला सुमारे १५.५ कि. ग्रॅ. हवा लागते. आपल्या ०.१८ कि. ग्रॅ. गॅसला २.८ कि. ग्रॅ., म्हणजे सुमारे २.४ घनमीटर. शहरातल्या लहान न्हाणीघराची मापे घ्या: १.५ मीटर × १.२ मीटर × २.४ मीटर = सुमारे ४.३ घनमीटर. दार लावलेले, खिडकी थंडीमुळे बंद. घरातल्यांनी एकामागून एक आंघोळी केल्या, तर खोलीतल्या निम्म्याहून अधिक हवेतला प्राणवायू ज्योत खाऊन टाकील. प्रत्यक्षात तेथवर वेळ येतच नाही. प्राणवायू कमी पडू लागला की ज्वलन अर्धवट होते आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होऊ लागतो.

या वायूला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनशी तो प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट जोडला जातो. आधी डोके जड होते, मग पायांतले बळ जाते. धोका कळेपर्यंत कडी काढायची शक्ती उरलेली नसते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जॉन स्कॉट हॉल्डेन यांनी खाणींतल्या या वायूचा अभ्यास केला आणि इशारा मिळावा म्हणून कॅनरी पक्षी बरोबर नेण्याचा सल्ला दिला. न्हाणीघरात असा पक्षी नसतो. बंद न्हाणीघरातल्या गॅस गीझरमुळे माणसे दगावल्याच्या बातम्या हिवाळ्यात वर्तमानपत्रांत येतात, त्यांमागचे कारण बहुधा हेच असते.

म्हणून गॅस गीझर न्हाणीघराच्या आत लावूच नये. तो बाहेर मोकळ्या हवेत असावा आणि फक्त गरम पाण्याचा नळ आत यावा. तो आधीच आत बसवलेला असेल, तर दार उघडे ठेवून बादल्या भराव्यात, गीझर बंद करावा, हवा खेळू द्यावी आणि मगच आंघोळीला जावे.

बंबालाही हा नियम लागू आहे. १.५ कि. ग्रॅ. लाकडाला सुमारे साडेसात कि. ग्रॅ., म्हणजे सहा घनमीटरांहून जास्त हवा लागते. ही हवा वरच्या न्हाणीघरातल्या सगळ्या हवेहून अधिक झाली. पूर्वी बंब परसात, पडवीत किंवा कौलांच्या फटी असलेल्या न्हाणीत असे, म्हणून निभावले. तोच बंब सिमेंटच्या बंद मोरीत आणून ठेवला तर तो धोकादायक ठरतो. त्यातही फसवे असतात ते निखारे. ज्वाला गेली, धूर थांबला, आता हरकत नाही असे वाटते. पण कार्बन मोनॉक्साइड निखाऱ्यांतूनच भरपूर निघतो.

विजेच्या साधनांत हा वायू नाही, पण तेथे भूयोजन नीट असलेच पाहिजे. बादलीत सोडायचा रॉड वापरत असाल, तर बटण बंद करून तो काढल्याशिवाय पाण्याला हात लावू नका.

तिसरा मार्ग: दुरुस्ती

काढावा की ठेवावा, एवढेच दोन पर्याय नसतात. बंबाच्या तोंडावर पत्र्याची नळी बसवून ती भिंतीबाहेर किंवा छपराबाहेर नेता येते. ३०० अंशांच्या वायूची घनता दर घनमीटरला सुमारे ०.६२ कि. ग्रॅ. असते, तर ३० अंशांच्या हवेची १.१७. दोन मीटर उंच नळीत या फरकामुळे ०.५५ × ९.८ × २ = सुमारे ११ पास्कल एवढी ओढ निर्माण होते. दाब म्हणून ती पाण्याच्या एका मिलिमीटर उंचीइतकीच आहे, पण धूर बाहेर ओढायला एवढी पुरते. फुंकणीचे कामही कमी होते. ओढ फार झाली तर उष्णताही बाहेर जाते, म्हणून नळीत एक झडप ठेवावी. मात्र निखारे जिवंत असताना ती पूर्ण बंद करू नये.

नळी बसवली की काम संपले असे समजू नका. १९८३ साली आपल्या देशात राष्ट्रीय सुधारित चूल कार्यक्रम सुरू झाला आणि पुढे तो २००२ पर्यंत चालला. लक्षावधी सुधारित चुली बांधल्या गेल्या. त्यांतल्या अनेक पुढे वापरातून गेल्या, कारण धुराडी साफ झाली नाहीत आणि मोडलेले भाग दुरुस्त झाले नाहीत. प्रयोगशाळेत मिळालेली कार्यक्षमता घरात टिकवायची तर कोणीतरी दर महिन्याला नळी झाडली पाहिजे. हे काम कोण करणार, तेही घरातल्या बैठकीत ठरवा.

निर्णय

घराघरांप्रमाणे उत्तर बदलते. परसात न्हाणी आहे, सरपण घरचे आणि कोरडे आहे, धुराची नळी बसवता येते, अशा घरी बंब मोडीत काढायचे कारण दिसत नाही. गच्ची आपली आहे आणि ऊन भरपूर आहे, अशा घरी सौर जलतापक बसवावा आणि पावसाळ्यासाठी बंब किंवा विजेचा गीझर ठेवावा. न्हाणीघर बंद आहे, हवा खेळत नाही, सरपण विकतचे आहे, तेथे बंब जावा, पण त्याच्या जागी गॅस गीझर आत आणून बसवू नये. आणि घरात कोणाला दमा असेल, तर धूर करणाऱ्या साधनाच्या बाजूने मांडलेला पैशांचा हिशेब बाजूला ठेवावा.

शेवटी एक सूचना. किलोकॅलरींच्या कोष्टकात पहाटे साडेचारला उठण्याचा रकाना नसतो. बंब पेटवण्याचे काम ज्या व्यक्तीच्या वाट्याला येते, तिचे मत आधी विचारा आणि ते कोष्टकाच्या पहिल्या ओळीत लिहा.

करून पाहा

१. आपल्या घरी पाणी ज्या साधनावर तापते त्याची कार्यक्षमता वरील पद्धतीने काढा. तीन दिवस मोजून सरासरी घ्या.

२. आपल्या न्हाणीघराचे घनफळ काढा. दार लावल्यावर हवा आत येण्याचे आणि बाहेर जाण्याचे मार्ग कोणते, त्यांची यादी करा. यादी रिकामी निघाली, तर आजच घरी सांगा.

३. काही बंबांत थंड पाणी नरसाळ्यातून थेट तळाशी सोडतात आणि गरम पाणी वरच्या तोटीतून बाहेर येते. तोटी तळाशी आणि नरसाळे वर असते तर काय झाले असते? कारण द्या.

४. शिक्षकांसाठी: वर्गातल्या सर्वांचे आकडे फळ्यावर एकत्र मांडा. बंब, चूल, गॅस व वीज असे गट करा आणि एकाच साधनाच्या कार्यक्षमतेत घरोघरी फरक का पडला, याची चर्चा मुलांकडूनच करवून घ्या.